नाव नको, कुवत विचारा

पुण्याकडे निघालेली एक्सप्रेस कर्जतला थांबली की बहुतेक प्रवाशांना आठवतो तो बटाटावडा. फलाटावर वड्यांची लगबग चालू असते, तेव्हा गाडीच्या शेपटाकडे वेगळीच हालचाल असते. मागून दोन-तीन इंजिने हळूच येऊन टेकतात, डब्यांना हलका धक्का बसतो आणि गाडी पुढे निघते. रेल्वेच्या भाषेत या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. कर्जत ते लोणावळा हे अंतर जेमतेम २८ किलोमीटर, पण त्यात बोरघाट आहे. त्याचा सर्वांत कडक चढ ३७ फुटांना १ फूट इतका आहे. सपाटीवर ऐटीत धावणारे इंजिन एवढ्या चढावर वीस-बावीस डबे एकट्याने ओढू शकत नाही, म्हणून मागून रेटा लागतो. घाट चढून झाला की बँकर सुटतात.

बँकर लावायचा की नाही, हे गाडीच्या नावावर ठरत नाही. गाडीचा भार किती, इंजिनाची ताकद किती आणि पुढचा चढ कोणता, एवढेच पाहिले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटारी डब्यांखालीच विभागलेल्या आहेत. कुवत अंगातच असेल तर बाहेरून जोडण्याची गरज नसते.

एका संगणकावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर नेताना हाच प्रश्न पडतो. पुढचा चढ या यंत्राला झेपेल का? नसेल झेपत, तर मागून काय जोडायचे? हे प्रकरण त्या तपासणीविषयी आहे.

लायब्ररी म्हणजे कोणती शिदोरी?

कोणताही प्रोग्रामर सगळे काम स्वतः करत नाही. पडद्यावर अक्षरे उमटवणे, फाइल उघडणे, मेमरीतली जागा मागणे, घड्याळ पाहणे, वर्गमूळ काढणे ही रोजची कामे ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर येणाऱ्या लायब्ररीत तयार असतात. त्यांतल्या प्रत्येक कामाला एक नाव असते आणि त्या नावाच्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. सी भाषेत मजकुराची लांबी मोजणारे 'स्ट्रलेन', मेमरी मागणारे 'मॅलॉक', छापणारे 'प्रिंटएफ' ही नावे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतात.

गोम अशी आहे की ही शिदोरी प्रत्येक घरची वेगळी असते. बहुतेक लिनक्स संगणकांवर 'जीलिबसी' नावाची लायब्ररी असते, अल्पाइन लिनक्सवर 'मसल', अँड्रॉइड फोनवर 'बायोनिक'. अॅपलची निराळी आणि विंडोजची त्याहून निराळी. प्रोग्राम मात्र एकच. त्यात हाक मारलेले फंक्शन या घरी आहे का, असले तर त्याच गुणाचे आहे का, हे आधी पाहिले नाही तर प्रोग्राम बांधतानाच अडतो. त्याहून वाईट म्हणजे तो बांधला जातो, चालतो आणि चुकीचे उत्तर देतो.

खोपोलीची पालखी

बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याआधी सात वर्षे, १८५६ पासून, मुंबईकडची रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबत असे. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मोकळाच होता. प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून वर जात. सामानही तसेच खाली उतरवून पुन्हा चढवावे लागे.

सुरुवातीच्या काळात संगणकाचे प्रोग्राम असेच नेले जात. प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी, त्यामुळे यंत्र बदलले की प्रोग्राम जवळजवळ नव्याने लिहावा लागे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून तयार होत असलेली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिली गेली, तेव्हा हे चित्र बदलू लागले. यंत्राच्या भाषेऐवजी सीमध्ये लिहिले की दुसऱ्या यंत्रासाठी ते पुन्हा कंपाइल करता येते, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरवता येते, हे दिसून आले. १९७७ मध्ये युनिक्स 'इंटरडेटा' या अगदी निराळ्या बांधणीच्या संगणकांवर नेली गेली. घाटात रूळ पडले होते.

मात्र रूळ पडले म्हणून चढ संपत नाही. कर्जत तालुक्यातल्याच नेरळला पाहा. मुंबई–पुण्याची रेल्वे रुंद मापाची, १,६७६ मिलिमीटरची, आणि १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी दोन फुटी रुळांवरची. नेरळला कितीही बँकर लावले तरी मोठी गाडी माथेरानला जाणार नाही. तिथे गाडीच बदलावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम फोनमधल्या आर्म प्रोसेसरवर चालत नाही, हा नेरळचा प्रश्न आहे. त्याला उपाय पुन्हा कंपाइल करणे. आपला विषय कर्जतचा आहे: रूळ तेच, पण पुढचा चढ झेपेल का?

युनिक्सची भाऊबंदकी

एका घरातून निघालेल्या युनिक्सची पुढे वाटणी झाली. एकीकडे एटी अँड टीची सिस्टीम फाइव्ह, दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची बीएसडी. दोन्हींवर बेतून सन, आयबीएम, एचपी अशा कंपन्यांनी आपापल्या युनिक्स काढल्या. भाऊबंदकीत होते तेच झाले. भांडी तीच, नावे वेगळी. मजकुरात एखादे अक्षर शोधणाऱ्या फंक्शनला एक घर 'इंडेक्स' म्हणे, दुसरे 'स्ट्रसीएचआर'. मेमरी एका जागेवरून दुसरीकडे नेण्याला एकीकडे 'बीकॉपी', दुसरीकडे 'मेमकॉपी'. दोघांत माहिती देण्याचा क्रमही उलटा: एकात आधी 'कुठून', दुसऱ्यात आधी 'कुठे'. नुसते नाव बदलून भागत नसे.

वाटणीचे कागद करण्याचे प्रयत्नही झाले. १९८८ मध्ये 'पॉझिक्स' हे मानक आले, १९८९ मध्ये अमेरिकेचे आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय सी-मानक. पण कागद झाला म्हणून जुनी घरे लगेच पडत नाहीत.

प्रोग्रामरांनी यावर पहिला उपाय केला तो नाव विचारण्याचा. 'यंत्र सनचे असेल तर हे वापर, एचपीचे असेल तर ते वापर' अशा अटी प्रोग्राममध्ये घालायच्या. हा उपाय सहा महिन्यांत शिळा होई. सनची पुढची आवृत्ती आली की तिच्यात कालपर्यंत नसलेले फंक्शन आलेले असे, पण प्रोग्रामला फक्त नाव ठाऊक असल्याने तो जुन्याच वाटेने जाई. आणि ज्या यंत्राचे नाव यादीतच नाही, त्याचे काय?

लॅरी वॉल यांनी १९८० च्या दशकात 'आरएन' या आपल्या प्रोग्रामसोबत एक वेगळी युक्ती दिली. प्रोग्राम बांधण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट यंत्राची झडती घेई आणि काय आहे, काय नाही ते टिपून ठेवी. पुढे पर्ल भाषेचे जनक म्हणून ते प्रसिद्ध झाले. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नू प्रकल्पातली अनेक छोटी साधने सांभाळत होते. ती साधने बांधताना वापरणाऱ्याला हाताने सुमारे वीस पर्याय निवडावे लागत. त्या कटकटीतून मॅकेन्झींनी 'ऑटोकॉन्फ' हे साधन तयार केले. ते झडतीची स्क्रिप्टच लिहून देते. त्या स्क्रिप्टचे नाव 'कॉन्फिगर'. लिनक्सवर कधी सोर्स कोडवरून काही बसवले असेल, तर पडद्यावरून सरसर जाणाऱ्या 'चेकिंग फॉर...' या ओळी तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'येस' किंवा 'नो'. यंत्राला त्याचे नाव कुणी विचारत नाही. विचारली जाते ती कुवत.

हाक मारून पाहणे

ही झडती घेतली कशी जाते? पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येते.

समजा, 'स्ट्रएलकॉपी' हे फंक्शन आहे का, ते पाहायचे आहे. कॉन्फिगर स्क्रिप्ट लायब्ररीची कागदपत्रे वाचत बसत नाही. ती 'कॉन्फटेस्ट' नावाचा काही ओळींचा सी प्रोग्राम लिहिते आणि त्यात फक्त त्या नावाने हाक मारते. मग कंपायलर आणि लिंकर यांना सांगते, हा बांधून दाखवा. लिंकरचे काम म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक नावाचा पत्ता लायब्ररीत शोधणे. पत्ता सापडला, प्रोग्राम बांधला गेला, तर उत्तर 'येस'. 'या नावाचे इथे कुणी नाही' असे लिंकरने सांगितले, तर 'नो'. हा इवलासा प्रोग्राम चालवायचीही गरज नसते. बांधला गेला, एवढे पुरते.

यात एक गंमत आहे. चाचणीत त्या फंक्शनची ओळख मुद्दाम खोटी करून दिलेली असते. ते खरे तर काहीही परत देत असो, चाचणी म्हणते की ते एक अक्षर परत देते. कारण खरी ओळख ज्या हेडर फाइलमध्ये असते, तीच प्रत्येक घरी निराळी. आपल्याला आत्ता फक्त 'घरात आहे का' एवढेच हवे आहे, जन्मपत्रिका नको.

दुसरी गंमत 'स्टब'ची. काही यंत्रांवर जीलिबसीमध्ये एखाद्या फंक्शनची नुसती पाटी असते; हाक मारली की ते 'हे काम इथे होत नाही' एवढेच सांगते. लिंकरला पाटी दिसते आणि तो 'येस' म्हणेल. म्हणून चाचणीत एक सापळा असतो. फंक्शन स्टब असल्याची खूण दिसली तर कंपायलरसमोर 'चोक मी' असे दोन शब्द टाकले जातात. ते सीमध्ये बसत नाहीत, कंपायलरच्या घशात अडकतात, बांधणी फसते आणि उत्तर आपोआप 'नो' येते.

नाव सापडले तरी ते कोणत्या कपाटात आहे, हा प्रश्न उरतो. वर्गमूळ काढणारा पहिला प्रोग्राम लिहून 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू स्क्वेअर रूट' ही चूक पाहिली नाही, असा लिनक्सवरचा विद्यार्थी विरळा. जीलिबसीमध्ये गणिताची फंक्शने वेगळ्या कपाटात असतात आणि ते कपाट जोडा, असे लिंकरला सांगावे लागते. अॅपलवर तीच फंक्शने मुख्य लायब्ररीतच असल्याने काही सांगावे लागत नाही. म्हणून कॉन्फिगर एकेक कपाट उघडून पाहते आणि ज्यात नाव सापडले ते लक्षात ठेवते.

सगळ्या प्रश्नांची उत्तरे 'कॉन्फिग.एच' या एका फाइलमध्ये उतरतात. आहे त्याच्यापुढे १, नाही ते बाद. मूळ प्रोग्राममध्ये आता सन किंवा एचपी हे नाव नसते. 'स्ट्रएलकॉपी असेल तर ते वापर, नसेल तर आपले' एवढेच असते. पुढे आलेली सीमेक आणि मेसॉन ही साधनेही याच चालीवर हाक मारून पाहतात.

नसेल तर आपला बँकर

'नो' आले म्हणजे काम थांबले असे नव्हे. कर्जतला गाडी रद्द होत नाही, तिला इंजिन जोडतात. इथेही न सापडलेल्या फंक्शनची आपली एक आवृत्ती प्रोग्रामसोबत ठेवलेली असते आणि गरज असेल तिथेच ती जोडली जाते. अशा पर्यायी फंक्शनांचा मोठा साठा ग्नू प्रकल्पाने 'ग्नूलिब' या नावाने केला आहे.

स्ट्रएलकॉपीचीच गोष्ट घ्या. मजकूर नकलताना ठरलेल्या जागेबाहेर सांडू नये यासाठी ते १९९८ मध्ये ओपनबीएसडीमध्ये आले. इतर बीएसडींनी आणि पुढे अॅपलने ते घेतले. जीलिबसीच्या मंडळींनी मात्र अनेक वर्षे नकार दिला. ते जास्तीचा मजकूर मुकाट्याने कापते आणि चूक झाकते, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये, जीलिबसीच्या २.३८ या आवृत्तीत, ते आले. म्हणजे पाव शतक प्रत्येक प्रोग्रामला हा एक प्रश्न विचारावाच लागला आणि असंख्य प्रोग्रामांनी पाठीशी आपापला स्ट्रएलकॉपी बाळगला. ज्यांनी 'लिनक्स असेल तर नाही' असे नावावरून लिहून ठेवले होते, त्यांचे उत्तर २०२३ मध्ये एका रात्रीत चुकले. ज्यांनी कुवत विचारली होती, त्यांना काहीच करावे लागले नाही.

नाव एक, गुण दुसरा

आतापर्यंत 'आहे का' एवढेच पाहिले. खरी परीक्षा 'कसे आहे' ही असते. मुंबई–पुणे मार्गावर दशकानुदशके डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि देशात बहुतेक ठिकाणी २५,००० व्होल्टचा एसी. खालून पाहिले तर दोन्हीकडे तार तारेसारखीच दिसते. पण एकीकडचे इंजिन दुसऱ्या तारेखाली चालत नाही. त्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने बनवावी लागली. टप्प्याटप्प्याने तारा बदलत गेल्या आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा डीसी २०१५ मध्ये संपला.

लायब्ररीतही अशा सारख्या दिसणाऱ्या तारा आहेत. मॅलॉकला 'शून्य बाइट जागा दे' असे सांगितले तर काय होते? जीलिबसी एक वैध पत्ता देते, आयबीएमची एआयएक्स रिकामा हात दाखवते. मानकाला दोन्ही मान्य आहे. रिकामा हात म्हणजे मेमरी संपली, असे समजणारा प्रोग्राम एआयएक्सवर विनाकारण रडत बंद पडेल. 'एसएनप्रिंटएफ' मजकूर जागेत मावला नाही तर किती जागा लागली असती, ते सांगते. पण जुन्या जीलिबसीमध्ये ते नुसते उणे एक देई. विंडोजवर तर २०१५ पर्यंत मानकाप्रमाणे वागणारे एसएनप्रिंटएफ नव्हतेच. 'स्ट्रएरर_आर' हे फंक्शन एकाच जीलिबसीमध्ये दोन रूपांत आहे. एक मजकूर परत देते, दुसरे आकडा.

हे ओळखायचे तर हाक मारून भागत नाही, काम करवून घ्यावे लागते. म्हणजे चाचणीचा प्रोग्राम चालवून पाहावा लागतो. इथे नवी अडचण येते. पुण्यात बसून फोनसाठी प्रोग्राम बांधत असाल, तर फोनचा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालत नाही. मग ऑटोकॉन्फला अंदाज करावा लागतो आणि अंदाज करताना ते सावध बाजू घेते. मॅलॉकबाबत अनेक वर्षे ते 'इथला मॅलॉक बिघडलेला असावा' असे धरून चाले आणि 'आरपीएल_मॅलॉक' हा पर्याय मागे. प्रोग्रामसोबत तो पर्याय ठेवलेला नसेल तर बांधणी तिथेच फसे.

कधी फंक्शन बदलत नाही, त्याची सवय बदलते. मेमकॉपीचा नियम असा की जिथून घ्यायचे आणि जिथे ठेवायचे, त्या दोन जागा एकमेकींवर येता कामा नयेत. तसे असेल तर 'मेममूव्ह' वापरावे. नियम मोडला तरी बहुतेक वेळा भागून जाई, कारण नक्कल पुढून मागे होत असे. २०१० मध्ये फेडोरा १४ बरोबर आलेल्या जीलिबसीने काही प्रोसेसरांवर ही नक्कल वेगासाठी उलट दिशेने सुरू केली. अडोबीच्या फ्लॅश प्लेयरमध्ये तो नियम मोडलेला होता. गाण्यांचा आवाज खरखरू लागला. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या वादात उडी घेतली. नियम बरोबर असला तरी वापरणाऱ्याचे गाणे बिघडते, असे त्यांचे म्हणणे. अखेर २.१४ या आवृत्तीत आवृत्तीची खूण लावून मेमकॉपीला दोन अंगे दिली गेली: जुन्या प्रोग्रामांना जुनी सवय, नव्यांना नवी.

या आवृत्ती-खुणांचा दुसरा चेहरा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसतो. घरच्या नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर नेला की 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असा निरोप येतो. २०२१ च्या त्या आवृत्तीत थ्रेडची फंक्शने वेगळ्या कपाटातून मुख्य लायब्ररीत हलवली गेली, म्हणून नेमका हाच आकडा वारंवार दिसतो. उपाय सोपा आहे. सोर्स कोड न्या आणि तिथेच बांधा, किंवा सर्वांत जुन्या यंत्रावर बांधून पुढे न्या.

काशिद आधी की काळे?

मराठीत काम करणाऱ्याला यापुढचा चढ चढावाच लागतो. 'कर्जत' या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात: क, र्ज, त. युनिकोडच्या हिशेबात पाच चिन्हे, कारण र, हलन्त आणि ज वेगळे मोजले जातात. स्ट्रलेनला विचाराल तर ते १५ म्हणेल, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'खालापूर' तर २१ भरते. नाव दहा बाइटांत मावेल, असे धरून चालणारा प्रोग्राम कर्जतलाच मधोमध कापेल.

क्रमवारीची गोष्ट आणखी नाजूक. खातेदारांच्या यादीत काशिद आधी की काळे? मराठी कोशांत ळ हा हनंतर येतो, म्हणून काशिद आधी. युनिकोडमध्ये मात्र ळ हा लच्या शेजारी, शच्या आधी बसला आहे. नुसत्या आकड्यांनी तुलना केली तर काळे आधी येतात. भाषेप्रमाणे तुलना करण्यासाठी 'स्ट्रकॉल' हे फंक्शन असते. ते आहे का, असे विचारले की सगळीकडे 'येस' येते. पण मसल लायब्ररीतला स्ट्रकॉल भाषेकडे पाहतच नाही, सरळ बाइटांची तुलना करतो. जिथे तो भाषा पाहतो, तिथेही नियमांची फाइल बसवलेली असावी लागते आणि ते नियमही बदलतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम अद्ययावत झाले आणि जुन्या क्रमाने रचलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या सूची नव्या यंत्रांवर चुकू लागल्या. नोंद असते, पण सापडत नाही. म्हणून मराठी यादी करणाऱ्याने 'स्ट्रकॉल आहे का' एवढे विचारून थांबू नये. काशिद आणि काळे ही दोन नावे देऊन उत्तर काय येते, ते चाचणीतच पाहावे.

परमची चार घरे

यंत्र बदलणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणी अनुभवले असेल तर पुण्याच्या सी-डॅकने. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर. पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर ४ प्रोसेसरांवर, एआयएक्ससह. २००८ चा परम युवा इंटेलवर. सतरा वर्षांत चार घरे.

प्रत्येक घरी कुरबुरीही वेगळ्या. ट्रान्सप्युटर आणि इंटेल मोठ्या आकड्याचा लहान भाग मेमरीत आधी ठेवतात, स्पार्क आणि आयबीएमचे पॉवर ४ यंत्र मोठा भाग आधी. म्हणजे एका घरी लिहिलेली आकड्यांची फाइल दुसऱ्या घरी उलटी वाचली जाते. मॅलॉकला शून्य बाइट मागितले तर परम पद्मवरच्या एआयएक्समध्ये वेगळे उत्तर मिळे. हवामानाचे किंवा द्रवगतिकीचे प्रोग्राम अशा यंत्रांहून दीर्घायुषी असतात. यंत्र पाच-सात वर्षांत निवृत्त होते, प्रोग्राम वीस-तीस वर्षे चालतो. जो प्रोग्राम यंत्राचे नाव पाहून लिहिला जातो, तो यंत्राबरोबरच म्हातारा होतो.

परीक्षकच फितूर झाला तर

या झडतीची सगळी भिस्त एका गृहीतकावर आहे: चाचणी फसली, म्हणजे फंक्शन नाही. चाचणी इतर कारणानेही फसू शकते. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ कंपायलरने ओळख न करून देता फंक्शनला हाक मारणे ही थेट चूक ठरवली. जुन्या, हाताने लिहिलेल्या चाचण्यांत असा आळस भरपूर होता. त्या आता बांधल्याच जात नाहीत आणि फंक्शन घरात असूनही उत्तर 'नो' येते. प्रोग्राम बांधला जातो, पण एखादी सोय मुकाट्याने गळालेली असते.

हेच कुणी जाणूनबुजून केले तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संक्षेपण-साधनात चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याची शंका आली आणि त्यातून सारे उघडकीस आले. नंतरच्या छाननीत दिसले की 'लँडलॉक' ही सुरक्षेची सोय यंत्रावर आहे का, हे पाहणाऱ्या सीमेकच्या चाचणीत कुणीतरी एक पूर्णविराम टाकला होता. एक सुटा ठिपका. त्यामुळे चाचणी कधीच बांधली जात नव्हती, उत्तर कायम 'नो' येत होते आणि सीमेकने केलेल्या बांधणीत ही सोय बंद राहत होती. ठिपका चाचणीत होता, प्रोग्राममध्ये नव्हता, म्हणून तो कुणाच्या नजरेस आला नाही.

तेव्हा चाचणीलाही कोड समजा. 'नो' आले तर का आले, ते पाहा. ज्या सोयीवाचून प्रोग्राम धोक्याचा होतो, ती सापडली नाही तर बांधणी मुकाट्याने पुढे न जाता थांबली पाहिजे. जे फंक्शन १९९० च्या मानकापासून सगळीकडे आहे, त्याची झडती घेणे सोडून द्या. जुन्या स्क्रिप्टांतले कितीतरी प्रश्न आज अस्तित्वात नसलेल्या यंत्रांसाठी आहेत. जिथे गुण महत्त्वाचा, तिथे नुसती हाक न मारता काम करवून घ्या. आणि आपला पर्यायी बँकरही एखाद्या यंत्रावर मुद्दाम जोडून पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेले इंजिन घाटातच बंद पडते.

बांधणी अडली की बहुतेक जण पडद्यावरची शेवटची ओळ शोधत बसतात. ती बहुधा निरुपयोगी असते. त्याच फोल्डरमध्ये 'कॉन्फिग.लॉग' नावाची फाइल असते. प्रत्येक प्रश्न, त्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम आणि कंपायलरने त्यावर काय म्हटले, ते सारे तिच्यात नोंदलेले असते. मदत मागायला जाल तेव्हा ती सोबत न्या.